पुसदची थैली

आमच्या आणि काकूंच्या अंगणामधली भिंत खांद्याएवढीच आहे. बांधताना गवंडी म्हणाला होता, "आणखी दोन थर घेऊ, आड होईल." काकूंनी त्याला तिथल्या तिथं गप्प केलं. "आड कायले पायजे रे बाप्पा? आमी काय चोऱ्या करतो?" भिंत तेवढीच राहिली. डावीकडे काकू, उजवीकडे म्याडम, मधे मी. म्याडम जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेल्या. माहेर तांड्यावरचं, सासर पुसदचं. त्यांच्या बाजूला तर भिंतही नाही, तारेचं कुंपण आहे आणि त्यावर वालाचा वेल चढलेला. सकाळी नळ गेल्यावर आणि संध्याकाळी ऊन उतरल्यावर या दोन कुंपणांमधे जे चालतं, त्याला आमच्या घरात 'बाजार समितीची बैठक' म्हणतात.

विषय फारसा बदलत नाही. कोणी काय आणलं, कुठून आणलं, कितीला आणलं आणि त्याला फसवलं की नाही.

पुसदमध्ये खरेदी ही खाजगी बाब नाही. काकू पुण्याला मुलाकडे राहून आल्या तेव्हा त्यांना तिथलं पाणी, तिथली थंडी, तिथले लोक, सगळं चाललं, खटकलं एवढंच. "शेजारीन थैली घेऊन लिफ्टमधी शिरते अन् वरतं पाह्यते. म्या इचारलं, काय आनलं वं? त म्हनते, काही नाही, असंच. आता मले सांग, असंच कोनी बाजारात जाते का?"

थैलीवरून घर ओळखायची काकूंची हातोटी मोठी. वर सांभाराची जुडी, खाली आलू-कांदे, म्हणजे रोजचा बाजार. पनीर दिसलं की जावई आलेला. एकट्या कारल्यावर भागवलं असेल तर घरात कोणाची तरी शुगर वाढलेली. आणि काळी पन्नी दिसली की रविवार. आत मटण आहे हे कळू नये म्हणून पन्नी काळी, आणि पन्नी काळी असली की आत मटणच, हे गल्लीतल्या कुत्र्यांनाही पाठ. मार्च २०१८ मध्ये राज्यात प्लास्टिकबंदी आली तेव्हा काही घरचे स्टीलचे डबे बाहेर निघाले आणि काकूंची चांगलीच पंचाईत झाली. डब्यातून काय कळणार? पण डबे फार दिवस टिकले नाहीत. पन्नी परत आली, आधीपेक्षा पातळ होऊन.

आमच्या गावच्या गिऱ्हाइकाची दुसरी खूण म्हणजे तो पहिल्या दुकानात काही घेत नाही. कूलर असो, चप्पल असो, माठ असो, तो वस्तू हातात घेतो, उलटी करतो, ठोकून पाहतो, भाव विचारतो आणि म्हणतो, "पाहून येतो." दुकानदाराला याचा राग नाही. "या पाहून," म्हणतो आणि मालाला फडकं मारून ठेवतो. तीन दुकानं हिंडून माणूस पुन्हा तिथंच येतो, दहावीस रुपये तोडून घेतो आणि वर त्याच दुकानदाराला समोरच्या टपरीवरचा चहा पाजतो. तोडलेले पैसे तिथंच गेले, पण ते मोजायचे नसतात. काकूंना एकदा म्हटलं, "पहिल्याच दुकानात घेतलं असतं तर?" त्या म्हणाल्या, "त लोक म्हंतले असते, हिले भावच समजत नाई." आमच्याकडच्या माणसाला फसल्याचं तितकं दुःख नाही. फसलेलं चारचौघांत दिसलं, तर मात्र तो आठवडाभर पानठेल्यावर फिरकत नाही.

परवा कटुल्यांवरून अशीच एक गंमत झाली. पावसाळ्यात डोंगराकडच्या बाया दारावर कटुले घेऊन येतात. डोक्यावर टोपलं, टोपल्यावर पळसाची पानं. ही भाजी रानातली. काट्याकुट्यात वेल शोधत हिंडावं तेव्हा टोपल्याचा तळ झाकतो. बाई भिंतीशी टेकली.

"कशे देल्ले?"

"पावाले साठ."

"माय वं! सोनं हाय का?"

"सोनं दुकानात मियते काकू. कटुले हुडका लागते."

काकूंनी टोपल्यात हात घातला. पिवळसर पडलेलं बाजूला, फार निबर बाजूला. आत बी लाल झालं असेल म्हणून दोनचार नखानं टोचून पाहिले. मग नजर गेली ताजव्याकडे. पावाच्या वजनाच्या जागी बाईकडे एक गोलसर दगड होता. काकू काही बोलल्या नाहीत, घरात गेल्या आणि स्वतःचं पितळी पावाचं वजन घेऊन आल्या. ते त्यांच्या सासऱ्यांच्या दुकानातलं. पुजेच्या खोलीत ठेवलेलं असतं. एका पारड्यात दगड, दुसऱ्यात वजन. पारडं दगडाकडे झुकलं. चांगलं दोन बोटं झुकलं. म्हणजे बाई इतके दिवस गिऱ्हाइकाला पावापेक्षा जास्तच देत होती आणि तिला त्याचा पत्ता नव्हता. कुंपणापलीकडून म्याडम हसायला लागल्या. काकूंनी वजन पदरात घातलं आणि निवांतपणे म्हणाल्या, "राहू दे बाई. तुह्याच दगडानं मोज."

घेतले अर्धा किलो. बाईला चहा दिला, जाताना मूठभर फल्लीदाणे बांधून दिले. भाव मात्र पावाला पन्नासच लावला.

"काकू, तांड्यावरच्या बाईचं माप तपासता?" म्याडम म्हणाल्या. "आमचे लोक बाजाराला जात नव्हते, बाजारच बैलांच्या पाठीवर घालून हिंडत होते."

आणि एकदा म्याडम शाळेत शिकवतात तसं सांगायला लागल्या की कोणी मधे बोलत नाही. समुद्राकडचं मीठ वर आणायचं, वरचं धान्य खाली न्यायचं. हजारो बैलांचे तांडे, पुढे नाईक, मागे बायालेकरं. मोगलांच्या फौजा दख्खनेत उतरल्या तेव्हा त्यांना दाणागोटा पुरवणारे बंजारेच होते. मग रेल्वे आली. १८६७ मध्ये गाडी नागपूरपर्यंत पोचली. जे मीठ पोचवायला बैलाला महिने लागायचे, ते डब्यातून दोन दिवसांत यायला लागलं. धंदा बुडाला. धंदा बुडालेल्या, फिरत्या माणसावर सरकारचा संशय. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याचा शिक्का पुढे कितीतरी तांड्यांवर बसला, तो १९५२ मध्ये पुसला गेला. बरेच तांडे तोवर जमिनीला लागले होते. आमच्याच तालुक्यात चतुरसिंग नाईकांनी गहुली वसवली. त्यांचा नातू १ जुलै १९१३ चा, वसंतराव. पुसदच्या कोर्टात वकिली केली, इथल्या नगरपालिकेचे अध्यक्ष झाले आणि डिसेंबर १९६३ पासून फेब्रुवारी १९७५ पर्यंत महाराष्ट्राचे मुख्यमंत्री. सलग एवढी वर्षं अजून कोणी त्या खुर्चीवर बसलेलं नाही. पुढे १९९१ मध्ये पुतणे सुधाकरराव.

"हाव ना," काकू म्हणाल्या. "दोन-दोन मुख्यमंत्री देल्ले. अन् रेल्वे?"

पुसदमध्ये कुठलीही गोष्ट सुरू करा, ती या प्रश्नावर येऊन थांबते. वर्धा-यवतमाळ-नांदेड हा मार्ग दिग्रस, पुसद, उमरखेड असा आखलेला आहे, २८४ किलोमीटरचा. फेब्रुवारी २०२४ मध्ये वर्ध्याहून कळंबपर्यंत गाडी सुरू झाली. कळंब यवतमाळच्याही अलीकडे. म्याडमचं म्हणणं असं, की ज्या रेल्वेनं आमच्या तांड्याचा धंदा मोडला, ती दीडशे वर्षांनीसुद्धा आमच्या गावात पोचली नाही. निदान नुकसान भरून द्यायला तरी यायचं!

रेल्वे नाही, जिल्ह्याचं ठिकाण शंभरेक किलोमीटर. १९०५ मध्ये इंग्रजांनी जुना वाशीम जिल्हा मोडला आणि पुसद तालुका यवतमाळला जोडला; वाशीम त्याहून बरंच जवळ. ते १९९८ मध्ये पुन्हा जिल्हा झालं, पण आम्ही राहिलो यवतमाळातच. पुसद जिल्हा व्हावा ही मागणी त्यामुळे जुनीच आहे. पण या अडचणीचा बाजाराला फायदा झाला, असं मला वाटतं. लांब जाणं परवडत नाही म्हणून महागाव-उमरखेडकडचा, माहूरच्या वाटेवरचा, तांड्यातांड्यांवरचा माणूस इथंच येतो. किराणा इथं, बियाणं इथं, दवाखाना इथं, सोनार इथं. सकाळी एसटीतून उतरायचं, पेशंट दाखवायचा, चष्म्याचा नंबर काढायचा, पोराची वह्या-पुस्तकं घ्यायची आणि शेवटच्या गाडीनं परत. बसस्टँडवर संध्याकाळी उभं राहिलं की तालुक्याची आर्थिक स्थिती कळते. खताची पोती किती, मिक्सरचे खोके किती, औषधाच्या पन्न्या किती.

पैशाचं वेळापत्रक मात्र बाजाराच्या हातात नाही, शेताच्या हातात आहे. नोकरदाराच्या गावात एक तारखेला गर्दी होते. आमच्याकडे दसऱ्याच्या आगेमागे सोयाबीन निघतं तेव्हा पहिली गर्दी, दिवाळीनंतर कापूस घरात आला की दुसरी. मधले महिने वहीवर. सगळ्यात नाजूक वेळ पोळ्याची. श्रावणातली अमावास्या, सोयाबीन अजून हिरवं, कापसाला नुसती पात्या-फुलं, खिशात दमडी नाही, आणि बैलाला नवी झूल पाहिजे, वेसण पाहिजे, मठाट्या, घागरमाळा, शिंगांना बेगड पाहिजे, सालदाराला कपडे पाहिजेत, दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा, तर लेकराला लाकडाचा नंदी पाहिजे. सगळं उधार. "पोयाले बैल सजते दुकानदाराच्या पैशानं," काकू म्हणतात. आता बैल कमी झाले, ट्रॅक्टर आले. पण उधारी कमी झाली नाही. बियाणं आणि खत जूनमध्ये उधारीवर उचलायचं, नगदी भाव वेगळा आणि उधारीचा वेगळा. हे कोणी पाटीवर लिहीत नाही. सगळ्यांना ठाऊक असतं आणि सगळे "लिहून ठेवा" म्हणतात.

काकूंच्या आठवणीतला पैसा याहून सावकाश यायचा. १९७२ मध्ये एकाधिकार कापूस खरेदी सुरू झाली, वसंतरावांच्याच काळात. कापूस व्यापाऱ्याला विकायचा नाही, सरकारच्या केंद्रावर न्यायचा. काकाजी गाडी भरून जायचे आणि केंद्राबाहेर रांगेत गाडीखालीच झोपायचे. ग्रेड लागायची, काटा व्हायचा. पण चुकारा एकदम मिळायचा नाही. आधी एक हप्ता, मग वाट पाहायची. पलीकडे आंध्रात भाव चांगला असला की काही गाड्या रात्रीच्या रात्री आदिलाबादच्या वाटेला लागायच्या, हेही काकू सांगतात. कोणाच्या, ते सांगत नाहीत.

"पयल्या चुकाऱ्यात दुकानाची वही फिटे. दुसऱ्यात लेकराईले कपडे. तिसरा आला त माह्यं काई तरी."

"आणि आला का तिसरा?"

काकूंनी गळ्यातली एकदाणी भिंतीवर पुढे करून दाखवली. "हे त्याचीच."

ते साल दुष्काळाचंही. काकूंना त्या वर्षीची मिलो आठवते, रेशनवर मिळालेली तांबडी ज्वारी. आठवली की अजून तोंड वाकडं होतं. रोजगार हमीच्या कामावर खडी फोडलेले हात आमच्या गल्लीत अजून आहेत. त्यानंतर हायब्रीड ज्वारीनं इथली पोटं भरली, तीही वसंतरावांनीच लावून धरलेली. गंमत पुढे झाली. ज्वारी हे घरचं धान्य. ती विकत आणायची म्हणजे कमीपणा. गहू असायचा पाहुण्याला आणि सणाला. सोयाबीननं ज्वारीचं रान खाल्लं आणि आता आमच्याकडचा शेतकरीसुद्धा भाकरीसाठी ज्वारी किलोवर आणतो, गव्हापेक्षा महाग. गहू तर रेशनवर फुकट. काकूंच्या सासूबाईंना कोणी हे सांगितलं असतं, तर त्यांनी सांगणाऱ्याला मांत्रिकाकडे नेलं असतं.

तरी वर्षाचा साठा काकू चुकवत नाहीत. उन्हाळा लागला की मध्य प्रदेशातला गहू पोत्यानं, घरची तूर दालमिलवरून भरडून, मिरच्या देठ काढून, हळद, फल्लीचं तेल. अंगणात खाट टाकून कुरडया, सरगुंडे, मूगवड्या. त्याच दिवसांत कूलरचं गवत बदलायचं, आखाजीला पितरांसाठी नवी घागर आणायची. दुपारी अकरा ते पाच बाजारात चिटपाखरू नसतं. दुकानदार गादीवर आडवा आणि त्याच्यावर त्याचाच कूलर. खरी खरेदी सहानंतर, आणि ती रात्री जेवणं होईपर्यंत चालते.

भाद्रपदात महालक्ष्म्या. त्या दिवशी सोळा भाज्या लागतात. आमच्याकडच्या भाजीवाल्यांनी यावर फार पूर्वी तोडगा काढला: सोळा भाज्यांचा तयार वाटा. एक भेंडी, एक वांगं, गवारीच्या दोन शेंगा, कोहळ्याची फोड, दोडक्याचा तुकडा, चवळी, पडवळ. काकू वाटा घेतात, पण भिंतीवर पसरून मोजल्याशिवाय भाजी चिरत नाहीत. एकदा पंधराच निघाल्या. त्या परत गेल्या. भाजीवाल्यानं म्हणे हात जोडले आणि एक लिंबू दिलं. "लिंबू भाजी हाय का?" यावर दोन घरांत अजून मतभेद आहेत.

अलीकडे मात्र बाजाराचं वळण बदललं, आणि ते बायांनी बदललं. १७ मार्च २०२३ पासून एसटीत बायांना अर्धं तिकीट. त्याआधी ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरीपुढच्यांना पूर्ण माफ. काकू पंचाहत्तरी ओलांडलेल्या. त्यांनी माहूर गाठलं, रेणुकेचं दर्शन घेतलं, तांबूल आणला; पोहरादेवी केली; मग देवदेव संपल्यावर नुसत्याच नांदेडला जाऊन वजिराबादेतून दोन चादरी आणल्या. चादरी पुसदमध्ये मिळतात. "मियते ना. पर गाडी फुकट होती."

२०२४ च्या ऑगस्टात लाडक्या बहिणीचे पहिले पैसे आले. महिन्याचे पंधराशे. पैसे पडल्याचा मेसेज आला की त्या दिवशी बांगड्यांच्या, भांड्यांच्या, लेकरांच्या बुटांच्या दुकानांत पाय ठेवायला जागा नसते. माझ्या ओळखीच्या एका बाईनं त्यातून शिलाई मशीन घेतली, एकीनं पैंजण. यातलं योग्य काय, यावर पुरुषमंडळी पानठेल्यावर खर्रा घोटत चर्चा करतात. महिन्याचा खर्रा कितीचा होतो, हा हिशेब त्या चर्चेत येत नाही. काकूंची तक्रार वेगळी. योजना एकवीस ते पासष्ट वयासाठी. "सरकारनं मले गाडीत फुकट बसवलं, पर उतरल्यावर बाजार कराले पैसे नाई देल्ले!"

हे सगळं काकूंना मान्य आहे. त्यांना मान्य नाही ते खोकं. मोटारसायकलवरून पोरगा येतो, फोन लावतो, पत्ता विचारतो, खोकं देतो, निघून जातो. खोकं चारी बाजूंनी चिकटवलेलं. आत साडी आहे की मिक्सर, स्वस्त आहे की महाग, काही कळत नाही. काकूंच्या दृष्टीनं हा गल्लीचा अपमान आहे. पूर्वी त्या पोराला भिंतीशी थांबवून विचारायच्या, "काय हाय रे यात?" तो म्हणायचा, "आजी, मले बी नाई माहीत." यावर त्यांचा विश्वास बसायचा नाही. जो माल देतो त्यालाच माल माहीत नाही, असा धंदा त्यांनी जन्मात पाहिला नव्हता.

परवा माझ्या मुलीचं खोकं आलं. ते मी सरळ भिंतीवर ठेवलं आणि कात्री आणली. म्याडमही कुंपणाशी आल्या. आतून निघाली खांद्यावरची पर्स. लाल-निळी, आरसे लावलेली, कवड्या लोंबणारी. चिठ्ठीवर छापलेलं होतं: बंजारा वर्क.

म्याडमनी ती हातात घेतली. चष्मा वर सरकवला. आधी आरसा नखानं खरवडला. तो निघाला, मागे डिंकाचा ठिपका. टाका कुठंच नव्हता. मग कवडी दातावर वाजवली. प्लास्टिक. मग अस्तर उलटं करून पाहिलं आणि काही न बोलता घरात गेल्या. आल्या त्या त्यांच्या आईची कांचळी घेऊन. रंग विटलेला, कापड जीर्ण. पण एकेक आरसा दोऱ्याच्या गोल टाक्यात असा धरलेला की उलट्या बाजूनं पाहिलं तरी नक्षी तीच. काठाला जुनी नाणी. आईनं एक फेटिया, म्हणजे घागरा, शिवायला किती हिवाळे घातले, ते म्याडम सांगत होत्या. काकू दोन्ही वस्तू भिंतीवर शेजारी ठेवून पाहत होत्या.

"हे कितीची?" त्यांनी पर्सकडे बोट केलं.

"चारशे नव्व्याण्णव."

"अन् हे?" कांचळीकडे.

म्याडम म्हणाल्या, "ही विकायची नसते काकू."

"तसं नाई वं. इकाची असती त कितीची?"

उत्तर मिळेपर्यंत काकू हटल्या नसत्या, पण तेवढ्यात माझी मुलगी बाहेर आली आणि पर्स उचलून कॉलेजला गेली. तिला डिंक-टाक्याचं काही सोयरसुतक नव्हतं. तिच्या मैत्रिणींमध्ये एक म्याडमच्या भावाची मुलगी. तिच्याकडे तीच पर्स, हिरव्या रंगात.

सध्या मात्र बैठकीचा एकच विषय आहे. काकूंच्या नातीचं लग्न ठरलंय, तुळशीचं लग्न झाल्यावरचा मुहूर्त, आणि बस्ता कुठं बांधायचा याचा निकाल लागत नाही.

बस्ता म्हणजे साधी कापडखरेदी नव्हे. दोन्ही घरची माणसं, मामा-मामी, आत्या, करवल्या, एक कोणीतरी भाव तोडणारा जाणता आणि एक कोणीतरी रुसणारं, एवढी मंडळी दुकानाच्या पांढऱ्या गादीवर बसतात. सकाळी दहाला बसलेलं माणूस दिवेलागणीला उठतं. दुकानदार पाणी देतो, चहा देतो, दुपारी जेवायलाही घालतो. आधी नवरीचा शालू. तो ठरेपर्यंत कोणी बाकीचं नाव काढत नाही. मग मानाच्या साड्या: मामीची आत्यापेक्षा हलकी नको, विहीणबाईंची नवरदेवाच्या काकूपेक्षा शंभरानं तरी भारी पाहिजे. मग टॉवेल-टोप्या, दुपट्टे. शेवटी देण्याघेण्याच्या साड्यांचा गठ्ठा. या साड्या कोणी नेसत नाही; त्या घरोघर फिरतात. काकू आलेल्या प्रत्येक साडीच्या आतल्या कोपऱ्यावर बॉलपेननं देणाऱ्याचं आडनाव लिहून ठेवतात, म्हणजे ती चुकून त्याच घरी परत जात नाही. सगळं झालं की जाणता माणूस पुढे सरकतो, बिलावर हात ठेवतो आणि पाच मिनिटं काही बोलत नाही. तो गप्प बसला की भाव आपोआप खाली येतो. मग बस्त्याला हळदकुंकू, नारळ, आणि गाठ.

नवरदेवाकडच्यांना अमरावती पाहिजे. नांदगाव पेठेकडे कापडाची जी मोठमोठी संकुलं झाली आहेत, तिथं म्हणे एकाच छताखाली सगळं. नवरी मुलगी मोबाइलवर नागपूरचे शालू दाखवते. काकूंच्या मुलाचं म्हणणं, नांदेड जवळ. काकूंचं म्हणणं एकच: पुसद. त्यांच्या घरातल्या सगळ्या लेकींचे बस्ते एकाच दुकानात बांधले गेले. त्या दुकानदाराच्या बापानं काकूंच्या सासऱ्याला दुष्काळात वर्षभर वहीवर कापड दिलं होतं. "त्याच्या तोंडावर मी अमरावतीची गाठोडी घेऊन कशी उतरू वं बसस्टँडवर? सारं गाव पाह्यते."

हे खरंच होतं. बस्त्याचं गाठोडं कशातच लपत नाही.

शेवटी काल संध्याकाळी त्या स्वतःच दुकानात गेल्या. मन मोकळं करावं, परवानगी घ्यावी, असा बेत. परत आल्या त्या भिंतीशी न थांबता आधी घरात गेल्या, पाणी प्यायल्या, मग बाहेर आल्या. म्याडम वालाच्या शेंगा तोडत होत्या, त्या थांबल्या.

"काय म्हणाला?"

"म्या म्हटलं, बाबू, पोट्टे काई ऐकत नाईत, अमरावतीचं म्हनून रायले. तुले वाईट वाटन."

"मग?"

"थो म्हने, जा ना काकू, बिनधास्त जा. कवा जाता?" काकूंनी पदरानं तोंड पुसलं. "म्या म्हटलं, येत्या गुरवारी. गाडी केली हाय. त म्हने, मंग गाडीत तीन सीटा ठेवजा. माह्या पोरीचा बी बस्ता बांधाचा हाय."